आईच्या अक्षरातलं पत्र

सुनावणी साडेअकराला फोनवर होती आणि सकाळी नऊलाच अख्खं घर दादाच्या स्वयंपाकघरात गोळा झालं होतं. फोन उचलायला एक माणूस पुरतो, हे ह्या घराला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. टेबलाभोवती चार खुर्च्या, पाचवी नाही म्हणून शिलाई मशीनचं स्टूल ओढलेलं. मधोमध फोन, आणि फोनशेजारी भत्ता कचेरीचं ते पत्र: बेरोजगार भत्त्याचा दावा नामंजूर, कारण अर्जदाराने नोकरी स्वतःहून सोडली आहे.

"पुन्हा वाच," छोटी म्हणाली.

"अगं, सात वेळा वाचलंय," दादा म्हणाला. "आठव्यांदा वाचल्यावर मंजूर होणार आहे का?"

छोटी म्हणजे दादाची धाकटी बहीण. शेहेचाळीस वर्षांची बाई, शहरात बस चालवते, चौकात एवढी लांबलचक गाडी वळवताना समोरच्या ट्रकवाल्याला दरडावते, पण घरात छोटीच. आज तिने पाळी बदलून घेतली होती. तिच्या शेजारी तिचा नवरा. त्याचा धंदा फ्रिज दुरुस्तीचा. पण तरुणपणी दोन वर्षं एका वकिलाकडे टायपिंग केलेलं, तेव्हापासून जगातल्या कुठल्याही कागदावर मत द्यायचा हक्क त्याने स्वतःकडे घेतलाय. म्हणून सगळे त्याला वकीलसाहेब म्हणतात. चिडवायला म्हणतात, पण त्याला ते आवडतं, त्याला कोण काय करणार!

"मुद्दा साधा आहे," वकीलसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "कंपनीने कचेरीला पुरावा म्हणून एकच कागद दिलाय. दादा, तुमचं पत्र." आणि त्यांनी ते खणखणीत आवाजात वाचलं. "'सप्रेम नमस्कार. एकतीस वर्षं आपल्या रंगखान्यात काम करून मी आज स्वखुशीने निरोप घेत आहे. माझी कोणाविषयी तक्रार नाही. सर्वांचे मनापासून आभार.' खाली तारीख, खाली सही. आता मला सांगा, ह्यात तुम्हाला काढल्याचं कुठे आहे?"

कुठेच नव्हतं. आणि काढलं तर होतंच.

दादा सुताच्या रंगखान्यात छटा जुळवायचा. गिऱ्हाईकाने पाठवलेला नमुना आणि पिंपातून निघालेली ओली लडी खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरायची आणि सांगायचं, पिवळा कणभर जास्त झालाय, किंवा जाऊ दे, बरोबर आहे. एकतीस वर्षं त्याने 'जाऊ दे' म्हटल्याशिवाय तिथून सूत बाहेर गेलं नाही. मग सहा आठवड्यांपूर्वी, एका गुरुवारी साडेचार वाजता, व्यवस्थापक खिडकीपाशी आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, उद्यापर्यंत टेबल आवरून घ्या. आता ते काम यंत्र करणार होतं. हातात कागद दिला नाही, काही नाही. नुसता खांद्यावर हात.

दुसरा कोणी असता तर भांडला असता, निदान लेखी मागितलं असतं. दादाने काय केलं? घरी येऊन आईला म्हणाला, पत्र लिही. कारण ह्या घराची रीत आहे: नोकरी सुटली की मालकाला निरोपाचं पत्र द्यायचं, चांगल्या कागदावर, शाईने. बाबांनी दिलं होतं. त्याच रंगखान्यातून बाबा कसे ताठ मानेने बाहेर पडले, नोकरीला कशी स्वतः लाथ मारली, ही गोष्ट दादा आणि छोटी दोघांनी लहानपणी इतक्यांदा ऐकली होती की आपण तिथे हजर होतो असंच त्यांना वाटे. आणि पत्र लिहायचं ते आईनेच, कारण तिच्यासारखं अक्षर कोणाचं नाही. आयुष्यभर तिने शाळेच्या प्रमाणपत्रांवर मुलांची नावं लिहिली. सत्त्याहत्तराव्या वर्षीही तिची ओळ पट्टीने आखल्यासारखी सरळ जाते.

"पण मी म्हणते, स्वखुशीने हा शब्द घालायची काय गरज होती?" छोटीचा पारा चढला. "आभार मान, हार घाल, आरती ओवाळ! पण स्वखुशीने? कोणी सांगितलं होतं हे लिहायला?"

"मी," दादा म्हणाला.

"तू?"

"हो, मीच सांगितलं. झालं समाधान?"

ओट्यापाशी आई मटाराच्या शेंगा सोलत बसली होती. तिचा हात एक क्षण थांबला, मग पुन्हा चालू झाला.

*

वहिनीने चहा गाळला. सहा आठवडे ती नवऱ्याकडे बघत होती. रोज सकाळी सहाला उठायचा, दाढी करायचा, आणि मग कुठे जायचं नाही हे आठवून खिडकीत उभा राहायचा. परवा तिने दोन पांढरे टॉवेल वाळत घातले तर म्हणाला, अगं, हे दोन वेगळे पांढरे आहेत. तिला हसू आलं, आणि मग तिने ते दोन टॉवेल दोरीच्या दोन टोकांना घातले.

तिला भत्त्याचं महत्त्व नेमकं ठाऊक होतं. तंत्रशाळेत त्याच यंत्राचा चार महिन्यांचा वर्ग सुरू होणार होता. भत्ता चालू असलेल्यांना त्यात थेट प्रवेश होता, बाकीच्यांना नाही. दादाची नजर आणि वर ते यंत्र चालवायचं ज्ञान, मग कुठलाही रंगखाना त्याला घेईल, असं तंत्रशाळेतल्या शिक्षकाने स्वतः सांगितलं होतं. आणि भत्ता नाही मिळाला तर? सहा तासांवरच्या गावात चुलतभावाचं गोदाम होतं. खोकी उचलायची, तिथेच खोली घेऊन राहायचं, महिन्यातून एकदा घरी. बावन्नाव्या वर्षी.

"ऐका, मी काय म्हणतो," वकीलसाहेब पुढे सरकले. "आपण सांगू की दबाव टाकून लिहून घेतलं. समोर उभं राहून, मजकूर सांगून. संपला विषय."

"अगदी बरोबर," छोटी म्हणाली.

"मी खोटं बोलणार नाही," दादा म्हणाला.

"अरे, खोटं काय त्यात? काढलं ना त्यांनी तुला?"

"मला कोणी काढलं नाही. ते टेबल बंद झालं."

"ऐका! टेबल बंद झालं! आणि टेबलाशी तू बसला होतास की पलीकडचा दिवा?"

"छोटे, तोंड सांभाळ."

वहिनी आत्तापर्यंत नणंदेच्या बाजूने होती. रात्रभर तिच्याही मनात हेच घोळत होतं: सांगावं दडपण आणलं म्हणून, कोण बघायला आलंय. पण आता नवऱ्याचा चेहरा बघून तिला राहवेना.

"वन्सं, खोटं नको," ती म्हणाली. "उद्या त्या व्यवस्थापकाने शपथेवर नाही म्हटलं तर? हे फोनवरच अडखळतील. ह्यांना भाजीवाल्याशी घासाघीस करता येत नाही, आणि खोटी साक्ष देणार!"

"म्हणजे तुम्ही पण फिरलात का वहिनी?"

"फिरले नाही. पण अहो," ती नवऱ्याकडे वळली, "खोटं नका बोलू, खरं तरी बोला! 'मला काढलं.' दोन शब्द आहेत. म्हणून बघा एकदा, आमच्यासमोर."

दादाने कप उचलला, खाली ठेवला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"टेबल बंद झालं," तो म्हणाला.

छोटीने कपाळाला हात लावला. वकीलसाहेबांना वाटलं आपल्या मुद्द्याला अजून वाव आहे. "बरं, फोरमन? त्याची चिठ्ठी आणली तर?"

"काल गेले होते मी त्याच्या घरी," छोटी म्हणाली. "दारातच म्हणाला, ताई, दादांवर माझा जीव आहे, पण माझी पण नोकरी आहे. रडकुंडीला आला होता बिचारा. काय बोलणार त्याला?"

*

आईला ऐकू कमी येतं असा घरात समज आहे. तो तिने मोडला नाही, कारण त्याचे फायदे फार आहेत. आज मात्र तिला सगळंच ऐकू येत होतं आणि नको वाटत होतं.

त्या गुरुवारी दादाने सांगितलेला मजकूर तिला शब्दन् शब्द पाठ होता. 'एकतीस वर्षं आपल्या रंगखान्यात काम करून मी आज निरोप घेत आहे.' मग तक्रार नाही, मग आभार. स्वखुशीने हा शब्द त्याने सांगितला नव्हता. तो तिने घातला होता, आपल्या मनाने. दादाने चष्मा न लावताच सही केली, आईने लिहिलंय म्हटल्यावर काय वाचायचं! नामंजुरीच्या पत्रासोबत नक्कल आली तेव्हा त्याने ती पहिल्यांदा नीट वाचली. ती समोरच बसली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि कागदाची घडी घातली.

आणि आज बहिणीने विचारलं तर म्हणे, मीच सांगितलं. असा मुलगा. तिला त्याचा भयंकर राग आला आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं, बावन्न वर्षांच्या घोड्याला.

अकरा वाजता तिने हात धुतले, पदर सारखा केला आणि शिलाई मशीनचं स्टूल फोनच्या बाजूला सरकवून घेतलं.

"आई, तू आत पड जरा," दादा म्हणाला. "उगाच दगदग."

"बसते इथेच," ती म्हणाली. "ऐकू येत नाही म्हणून जवळ बसते."

*

फोन बरोबर साडेअकराला वाजला. दादाने तो स्पीकरवर टाकला. पलीकडे अधिकारी बाई होत्या, सर्दीने नाक चोंदलेलं, पण बोलणं स्वच्छ. दुसऱ्या लाईनवर कंपनीतर्फे हिशेबनीस होते. बाईंनी सगळ्यांना समजावलं, एकावेळी एकानेच बोलायचं, जे बोलाल त्याची नोंद होईल. हे ऐकून वकीलसाहेबांनी उघडलेलं तोंड मिटलं.

हिशेबनिसांनी आपली बाजू एका दमात मांडली. कर्मचाऱ्याने स्वतः पत्र दिलं, कंपनीने ते स्वीकारलं, नोटीस देण्याचा प्रश्नच आला नाही.

"अर्जदार," बाई म्हणाल्या, "पत्रावरची सही तुमची?"

"हो."

"पत्रात लिहिलंय, मी स्वखुशीने निरोप घेत आहे. हे तुमचे शब्द आहेत का?"

"सही माझी आहे."

"ते कळलं. शब्द तुमचे आहेत का, ते विचारतेय."

दादाने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. वहिनीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. छोटी ओठ हलवून सांगत होती: नाही म्हण, नाही म्हण.

"हो," दादा म्हणाला. "माझेच आहेत असं—"

"माझे आहेत," आई म्हणाली.

"कोण बोलतंय?"

"मी आई. ह्याची. पत्र माझ्या अक्षरातलं आहे. तो खोटं बोलतोय."

"आई!" दादा म्हणाला.

"तू गप्प बस. बाई, एकावेळी एकानेच बोलायचं म्हणालात ना? आता मी बोलते."

पलीकडे बाई एकदा शिंकल्या. "बोला. तुमची साक्ष म्हणून नोंदवते. जे खरं असेल तेच सांगा."

"ह्याला गुरुवारी काढलं. साडेचारला. उद्यापर्यंत टेबल आवर म्हणाले. हा घरी आला, जेवला नाही. मला म्हणाला, पत्र लिही, सगळ्यांचे आभार मान. मी लिहिलं. स्वखुशीने हा शब्द माझा. त्याने चष्माही लावला नव्हता. आई काही भलतंसलतं लिहिणार नाही, असं वाटलं त्याला."

"तुम्ही तो शब्द का लिहिलात?"

आईने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

"आपल्या घरातल्या माणसाला कोणी काढलं, असं कागदावर राहायला नको म्हणून. ह्याच्या वडिलांनाही काढलं होतं. छत्तीस वर्षांपूर्वी, ह्याच रंगखान्यातून. तेव्हाही मीच लिहिलं होतं. तोच शब्द."

छोटीच्या हातातला चमचा खाली पडला. तो कोणी उचलला नाही.

"वडिलांचा विषय ह्या दाव्यात येत नाही," बाई म्हणाल्या, पण आवाज मवाळ झाला होता. "हिशेबनीस साहेब, छटा जुळवायचं टेबल आज कोण सांभाळतं?"

"ते... आता यंत्र आहे."

"यंत्र कधी बसलं?"

"पुढच्याच सोमवारी."

"मागवलं कधी होतं?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "साधारण चार महिने आधी."

"म्हणजे पत्राच्या चार महिने आधी. त्या जागेवर माणूस घेतला?"

"नाही. जागाच राहिली नाही."

"आभारी आहे. अर्जदार, शेवटचा प्रश्न. आई काय म्हणाल्या ते मी ऐकलं, पण नोंद तुमच्या तोंडून हवी. तुमची नोकरी कशी गेली?"

दादा खुर्चीत सरळ झाला. कोणी त्याला खूण केली नाही, छोटीनेसुद्धा नाही. त्याने आईकडे पाहिलं. ती मान खाली घालून बसली होती, एवढीशी दिसत होती.

"मला काढलं," तो म्हणाला. मग, जरा मोठ्याने, "त्यांनी मला काढलं हो बाई. एकतीस वर्षांनी. उभ्या उभ्या."

"नोंदवलं," बाई म्हणाल्या. "अपील मान्य. लेखी निर्णय दहा दिवसांत येईल, भत्ता अर्जाच्या तारखेपासून लागू होईल. आणि अर्जदार, ह्यापुढे सही करताना चष्मा लावत चला."

*

फोन बंद झाला तेव्हा वकीलसाहेबांनी टाळी वाजवली. एकट्यानेच. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते म्हणाले, मी जरा चहा ठेवतो, आणि खरंच उठून ठेवू लागले. वहिनी रडत होती आणि हसत होती, दादाच्या दंडावर चापट्या मारत होती. "म्हटलंत की नाही! म्हटलंत की नाही शेवटी!"

छोटी मात्र आईसमोर जाऊन जमिनीवर बसली.

"बाबांना काढलं होतं?"

"हो."

"मग ते लाथ मारून आले, मालकाला सुनावून आले..."

"ते मी सांगायची. ते कधी बोलले का तसं? आठवून बघ."

दोघं भावंडं आठवून बघत होती. बाबा कधीच बोलले नव्हते. ती गोष्ट सुरू झाली की ते उठून बाहेर जायचे, आणि मुलांना वाटायचं, किती साधा माणूस, स्वतःचं कौतुक ऐकवत नाही.

"तुम्ही सोळा आणि दहा वर्षांची," आई म्हणाली. "तुमच्या बापाला कोणी हाकललं हे तुम्हाला कळू नये, एवढंच होतं माझ्या डोक्यात. मग सांगत गेले. इतकी वर्षं सांगितलं की परवा दादाचं पत्र लिहिताना हाताने आपोआप तेच लिहिलं. कळलं नाही म्हणत नाही. कळलं होतं. तरी लिहिलं."

"जाऊ दे ना आई," दादा म्हणाला. "मिळाला ना भत्ता?"

"तुला मिळाला." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "ते पण गेले होते कचेरीत. तेव्हा फोन वगैरे नव्हतं, समोर बसवायचे. मी बरोबर गेले होते. तिथल्या साहेबांनी पत्र वाचून दाखवलं आणि विचारलं, स्वखुशीने असं तुम्हीच लिहिलंत का?"

वकीलसाहेबांनी गॅस बारीक केला.

"ते म्हणाले, हो, मीच सांगितलं तिला लिहायला. जसं तू आज सकाळी म्हणालास. अगदी तसंच, मान सुद्धा तशीच वर करून. नामंजूर झालं. सहा महिने ते रिकामे बसले, तुझी शाळा थांबली, पाच वर्षं मिळेल ते काम केलंस आणि मग तुला त्याच रंगखान्यात चिकटवलं. आणि मी त्यांच्या शेजारी खुर्चीत बसले होते, दादा. हातभर अंतरावर. मी तोंड उघडलं नाही."

तिचा आवाज फुटला. ह्या घराने आईला बाबांच्या जाण्यावर रडताना पाहिलं होतं, पण असं नव्हतं पाहिलं.

दादा उठला. गुडघे दुखतात तरी तो छोटीशेजारी जमिनीवर बसला आणि त्याने आईचे दोन्ही हात धरले. शेंगांच्या रसाने तिची बोटं धुऊनही हिरवट राहिली होती.

"त्यांनी घरी येऊन तुला काही म्हटलं?"

"एका शब्दाने नाही. वाटेत मला चप्पल घेऊन दिली. माझी तुटली होती."

दादाच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्याने पुसलं नाही.

"मग रागावले नव्हते ते," तो म्हणाला. "मी पण नाही रागावलो, आई."

आई त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिली, आणि वकीलसाहेबांनी सगळ्यांना चहा दिला.